आवाज टिपायचे, पण नोंद कुठल्या तारखेने ठेवायची?

व्हाळाकाठी | ९ जून २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, केरीच्या बाजूची. घराला लागून कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे, त्याच्या खालच्या अंगाने व्हाळ (ओढा) वाहतो आणि मागे चोर्ल्याच्या डोंगराची उतरण सुरू होते.

आमचे आजोबा भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटींत पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहून ठेवायचे. सुपारीचा हिशेब, गाय कधी व्याली ते, आणि मधेच 'कोकिळ', 'काजवे बरेच', 'बेडूक रात्रभर', 'धनेश उंबरावर', 'रोयणीवर अळमी' (वारुळावर अळंबी). ही कॅलेंडरं पत्र्याच्या पेटीत मिळाली. मधली काही वर्षं गहाळ आहेत, काहींना वाळवी लागलीय, तरी उरलंय ते पुष्कळ आहे.

ते ज्या पडवीत बसून ऐकायचे तिथूनच, तेच आवाज मला आता मुद्रित करायचे आहेत. दुर्मीळ पक्ष्यामागे रान पालथं घालायचं नाही. एकच जागा, बारा महिने, आणि जमलं तर पुढची बरीच वर्षं.

अडलंय दोन ठिकाणी. यंदा मॉन्सून २४ मेला केरळात पोचला आणि मे संपायच्या आत आपल्याकडे धो धो. आजोबांच्या नोंदींत बेडकांचा गजर मिरगाच्या आगेमागे येतो. यंदा मिरग लागला तेव्हा आमच्या शेतातला पहिला गजर होऊनही गेला होता. मग नोंद इंग्रजी तारखेने ठेवू, नक्षत्राने ठेवू, तिथीने, की 'पहिल्या मोठ्या पावसानंतर अमुक दिवशी' अशी? दुसरं, सुरुवातीला फोन चालेल का, की रेकॉर्डर घ्यावाच लागेल?

अळमी | ९ जून, रात्री ९:५८

आधी उद्या सकाळी पेटीतल्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. वाळवीला नक्षत्र लागत नाही, ती बारमाही आहे.

रातवा | ९ जून, रात्री १०:३१

अळमीला दुजोरा. बाकी सगळं नंतर.

ताई, फोनने आजच सुरू करा. पडवीतून ऐकू येणारे बेडूक, कोकिळ, कुर्तुक, भारद्वाज फोनवर ओळखण्याइतके नक्की येतात. फक्त फोनमधलं नेहमीचं रेकॉर्डिंग ॲप माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं असतं. सलग चालणारा आवाज ते गोंगाट समजून दाबून टाकतं, आणि रातकिडे नेमके सलग ओरडतात. तेव्हा वेव्ह फाइल देणारं आणि आवाजाची पातळी हाताने लावू देणारं ॲप घ्या. सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा. एकदा आवाज फाटला की पुढे कुठल्याच सॉफ्टवेअरने सांधता येत नाही.

फोन हातात धरू नका, बोटांची हालचालही येते. पडवीच्या कठड्यावर घडी केलेला टॉवेल ठेवून त्यावर ठेवा. आणि प्रत्येक मुद्रण संपताना स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा: तारीख, वेळ, जागा, पाऊस, वारा, प्राणी दिसला की नुसता ऐकला. फाइलचं नाव बदलतं, वही हरवते; हे बोलणं मात्र फाइलसोबतच राहतं.

तारखेचं उत्तर पंचांगप्रेमी काका देतील. ते आहेत का जागे?

मुंबईचा_गोंयकार | ९ जून, रात्री १०:४४

वाचतोय. आमच्या इथे पहाटे तीनला कोकिळ सुरू होतो आणि साडेतीनला त्याच्यावर सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा सुरू होते.

पंचांगप्रेमी | १० जून, सकाळी ६:०५

जागा नव्हतो, आता आहे.

ताईंनी चार पर्याय दिलेत. त्यांतल्या दोघांचा हिशेब एकच आहे हे आधी लक्षात घ्या. पावसाची नक्षत्रं सूर्याची असतात. सूर्य मृगात शिरला की मिरग लागला, आणि ते दरवर्षी ७-८ जूनलाच होतं. मग २१-२२ जूनला आर्द्रा, ५-६ जुलैला पुनर्वसू, २० जुलैच्या आसपास पुष्य, ऑगस्ट लागल्यावर आश्लेषा, असं पुढे. अयनचलनामुळे (पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरतो त्यामुळे) यात साधारण ७२ वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. म्हणजे आजोबांच्या काळातलं मृग आणि आजचं मृग एकच धरायला हरकत नाही. त्यांनी 'मिरगाच्या तिसऱ्या दिवशी' लिहिलं असेल तर ती सरळ १० जून समजा.

तिथीची गोष्ट वेगळी. ती चंद्राची. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा जवळजवळ ११ दिवसांनी लहान, म्हणून सण मागे मागे सरकतात आणि अधिक मास आला की एकदम पुढे उडी घेतात. चवथच (गणेश चतुर्थी) घ्या: २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, चवथ १९ सप्टेंबरला आली. २०२४ मध्ये ७ सप्टेंबर. यंदा २७ ऑगस्ट. झाडाला आणि बेडकाला ऊन, पाऊस, दिवसाची लांबी कळते. त्यामुळे वर्षांची तुलना करायची तर तिथी कामाची नाही, तिचा उपयोग रात्री चांदणं किती होतं ते कळण्यापुरता. काजव्यांच्या आणि घुबडांच्या नोंदीला तो जरूर आहे.

कालनिर्णयच्या चौकटीत तारीख आणि तिथी दोन्ही छापलेल्या असतात. आजोबांनी नुसता 'बेडूक' लिहिला तरी दोन्ही आपोआप नोंदल्या गेल्या. भाग्यवान आहात.

सड्यावरची_टिटवी | १० जून, सकाळी ८:२०

मी बार्देशातली, सड्याच्या (कातळपठाराच्या) कडेला राहते. इतका घोळ कशाला? मर्लिन (आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप) चालू करायचं, पडवीत ठेवायचं, चहा घ्यायचा. यादी तयार. आता तर आपल्याकडचे पुष्कळ पक्षी त्यात आहेत. मी सड्यावरच्या रातव्यांपासून हळद्यापर्यंत सगळं असंच शिकले.

रातवा | १० जून, सकाळी ९:०२

टिटवीताई, शिकायला मर्लिन उत्तम, मीही वापरतो. त्याने दिलेलं नाव हे सुचवणं असतं, नोंद आपण ऐकून पाहून करायची. आपल्या रानात तर जास्तच जपायला हवं, कारण भृंगराज. तो सर्पगरुडाची शीळ घालतो, शिक्रा काढतो, मांजरही काढतो. ॲप म्हणणार 'सर्पगरुड', आणि समोरच्या फांदीवर लांब शेपटीचा काळा पक्षी बसलेला.

शिवाय मर्लिन फक्त पक्षी ओळखतं. ताईंच्या आजोबांची निम्मी यादी बेडूक, किडे आणि अळंब्यांची आहे.

अळमी | १० जून, सकाळी ९:१०

माझा आवाज कुणालाच टिपता येणार नाही याचा मला अभिमान आहे.

काणकोणची_बाय | १० जून, दुपारी २:१५

बेडकांचा विषय निघालाच आहे तर मनापासून एक सांगायचं आहे.

पहिल्या जोरदार पावसात शेतात मोठे बेडूक जमतात तो प्रकार ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे. एरवी मातकट-हिरवा असणारा नर त्या दिवसांत पिवळाधमक होतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात आणि एकेकाचा आवाज दुसऱ्या वाड्यापर्यंत जातो. हे फार दिवस चालत नाही. त्या थोड्या रात्रींत ते उघड्यावर असतात, ओरडत असतात, आणि आपल्या गोव्यात नेमके त्याच रात्री टॉर्च घेऊन पोती भरणारे निघतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बेडूक पकडणं, विकणं, खाणं हा गुन्हा आहे, वनखातं दर पावसाळ्यात बजावतं, तरी चोरून 'जंपिंग चिकन' खपतं.

म्हणून हात जोडून विनंती: मोठ्या बेडकांचं मुद्रण त्याच रात्री गावाच्या नावासकट व्हॉट्सॲपवर टाकू नका. आवाज ऐकून आपल्याला आनंद होतो, पोतंवाल्याला पत्ता मिळतो. अंडी घालून होऊ द्या, मग टाका, तेही तालुक्यापुरतं नाव देऊन. घुबडांच्या ढोल्या आणि धनेशाच्या घरट्याचं झाड यांनाही हाच नियम.

खाजनवाला | १० जून, दुपारी ४:४०

बाय, पटलं. एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. सगळंच लपवलं तर गावाला त्याची किंमत कशी कळणार? आमच्या चोडणला सलीम अली अभयारण्य १९८८ पासून आहे. सगळं मिळून दोन चौरस किलोमीटरही नाही, पण कुठे आहे ते सगळ्या जगाला ठाऊक आहे आणि म्हणूनच तिथल्या खारफुटीवर सगळ्यांची नजर असते. बेडकांच्या शेताचं नाव पोरांना माहीत असेल तर त्या रात्री पोरंच राखण करतील.

काणकोणची_बाय | १० जून, सायंकाळी ५:०३

पोरांना सांगा, जरूर सांगा. शाळेत नेऊन ऐकवा. दीडशे माणसांच्या ग्रुपवर लोकेशन टाकणं वेगळं. अभयारण्याला पहारेकरी आहे, शेताला नाही.

खाजनवाला | १० जून, सायंकाळी ५:२०

हे मान्य.

आता माझा प्रश्न. खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत) मुद्रण केलं की मागे फेरीबोटीचं इंजिन, देवळातली आरती, कुणाच्या तरी घरचा मिक्सर. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये) हे काढून टाकायची युक्ती आहे का? धीवर पक्ष्याचा आवाज तेवढा स्वच्छ हवाय.

दादा_डिचोली | १० जून, रात्री ९:१५

काढू नका! म्हणजे ऐकवायची प्रत पाहिजे तर स्वच्छ करा, पण मूळ फाइलला हात लावू नका.

कारण सांगतो. आमचं घर खाणीच्या वाटेवर. पहाटेपासून ट्रकांची रांग. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधे सुरू झाल्या, मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केली आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा शांत. त्या शांततेत आमच्या आवाठात (वाड्यात) काय काय ऐकू यायला लागलं ते मला आठवतंय, पण दाखवायला माझ्याकडे फाइल एकही नाही, कारण ट्रक चालू होते तेव्हा 'या गोंगाटात काय टिपायचं' असं सगळेच म्हणायचो. ट्रकाचा आवाज हीसुद्धा त्या दिवसाची नोंद आहे. फेरीबोट किती वाजता सुटायची, आरती कधी व्हायची, हे वीस वर्षांनी कुणाला तरी धीवराइतकंच हवं असेल. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांनी फोनवर सहज आवाज टिपून ठेवले त्यांच्याकडे आज न मिळणारी वस्तू आहे.

रातवा | १० जून, रात्री ९:५०

दादांचं शंभर टक्के खरं. मूळ फाइल वेव्हमध्ये, दोन ठिकाणी जपून. प्रतीवर हवे ते संस्कार करा. खाजनवाल्यांना इतकंच सुचवेन की मुळातच आवाज जवळून मिळेल असं बघा. अंतर निम्मं केलं की पक्ष्याचा आवाज ६ डेसिबलने चढतो, इंजिन आहे तिथेच राहतं.

मांडवीकर | ११ जून, सकाळी ७:३५

त्यासाठी मायक्रोफोनला लावायची ती अँटेनासारखी छत्री घ्यावी का? पॅराबोला. नेटवर पाहिली, मोह होतोय.

रातवा | ११ जून, सकाळी ८:१०

कशासाठी हवी त्यावर आहे. छत्रीच्या व्यासापेक्षा लांब लहर तिच्यात नीट गोळा होत नाही. साधारण ५५ सेंटिमीटर व्यासाची छत्री घेतली तर सहाशे-सव्वासहाशे हर्ट्झच्या खालच्या आवाजाला तिचा फारसा फायदा नाही. म्हणजे सूर्यपक्षी, वटवट्या, नवरंग यांना छान; भारद्वाजाचा घुमणारा हुंकार, मोठी घुबडं, होले यांना जवळजवळ काहीच नाही. आणि पावसाळ्यात छत्रीवर थेंब पडले की संपलं.

ताईंच्या कामाला छत्री नकोच. त्यांना सगळा परिसर हवा आहे. पुढेमागे खर्च करायचाच झाला तर ऑडिओमॉथ हा आपोआप चालणारा रेकॉर्डर बघा. पत्त्यांच्या कॅटपेक्षाही लहान पाटी, तीन पेन्सिल सेल, एक मेमरी कार्ड. वेळापत्रक लावून झाडाला बांधायचं, ते आपलं आपण चालू-बंद होतं. ४८ किलोहर्ट्झचा नमुना-दर (सेकंदाला ४८ हजार नमुने), १६ बिट, एका चॅनेलला तासाला साधारण ३४५ एमबी जागा लागते, म्हणून रात्रभर सलग न चालवता दर अर्ध्या तासातली पाच मिनिटं घ्या. ४८ वर २४ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं येतं. वटवाघळं हवी असतील तर दर वाढवावा लागतो, हे यंत्र ३८४ पर्यंत जातं.

पावसाचं पाणी थेट यंत्रावर पडू देऊ नका, वर कडक झाकणही नको. थेंब आपटून सगळं मुद्रण ताशा होतं. वर काथ्याचा जाड थर किंवा जुनं गोणपाट टाका, थेंब मऊ पडतो. डबीत सिलिका जेलची पुडी. आणि कार्ड बदलायला जाताना पायाला मीठ-तंबाखूची पुरचुंडी, जळवा वाट बघत असतातच.

सड्यावरची_टिटवी | ११ जून, सकाळी ८:४५

जळवांचा आवाज टिपलाय का कुणी?

अळमी | ११ जून, सकाळी ८:४७

माणसाच्या ओरडण्यावरून ओळखायचा.

मांडवीकर | १२ जून, रात्री १०:२०

छत्रीचे पैसे वाचले, देव बरें करूं. आता मूळ प्रश्नावर माझं म्हणणं. 'पहिला' कुठलाही आवाज नोंदवताना एक अडचण असते. पहिला पावशा १२ तारखेला ऐकला म्हणजे तो १२ लाच आला असं नाही, मी ११ ला ऐकायला बसलो नसेन. जो रोज ऐकतो त्याच्या पहिल्या तारखा लवकरच्या येतात आणि जो रविवारी ऐकतो त्याच्या उशिराच्या. दोघांची तुलना केली की पक्षीच उशिरा यायला लागले असं वाटतं.

म्हणून रोज ठरलेली वेळ, ठरलेली मिनिटं. पहाटे पाच मिनिटं आणि रात्री पाच मिनिटं पुरेत. आणि ज्या दिवशी काही ऐकू आलं नाही त्या दिवशीही 'ऐकलं, काही नाही' असं लिहा. ते रिकामं राहिलं तर दहा वर्षांनी कळणार नाही की बेडूक गप्प होते की तुम्ही लग्नाला गेला होता.

आजोबा रोज त्याच पडवीत बसत असतील तर त्यांच्या तारखा फार मोलाच्या आहेत.

व्हाळाकाठी | १२ जून, रात्री १०:५५

रोज. रात्रीची पेज झाली की पान लावायला पडवीत. आजारी पडले तेव्हा आजी त्यांना विचारून लिहायची, अक्षर बदललेलं कळतं.

सगळ्या पानांचे फोटो काढून झाले. देव बरें करूं, अळमी.

पंचांगप्रेमी | १३ जून, सकाळी ६:२०

मांडवीकरांचं म्हणणं सोन्यासारखं. त्यात पावसाचं माप जोडा. सरळ उभ्या बाजूंचा कुठलाही डबा उघड्यावर ठेवा आणि पट्टीने मिलिमीटर मोजा. हवामान खातं सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजतं, तुम्हीही तेव्हाच मोजा, म्हणजे वाळपईच्या केंद्राच्या आकड्यांशी ताडून बघता येईल. २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तर तो पावसाचा दिवस.

असं केलंत की 'पहिल्या मोठ्या पावसानंतर किती दिवसांनी' हा हिशेब नंतर कधीही काढता येतो. तेव्हा नोंद इंग्रजी तारखेने ठेवा, सोबत पाऊस. बाकी सगळं त्यातून निघतं. उलटं होत नाही: नुसतं 'पावसानंतर तिसऱ्या दिवशी' लिहिलं तर तारीख परत मिळवता येणार नाही.

मुंबईचा_गोंयकार | २४ जून, दुपारी १:१०

विव सांजांव! आज सेंट जॉनचा सण. विहिरीत उड्या मारणाऱ्यांच्या आवाजाची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

दादा_डिचोली | २४ जून, दुपारी १:३०

'ठरलेल्या तारखेला येणारे, स्थानिक, कळपाने' या रकान्यात. डोक्यावर कोपेल (पानाफुलांचा मुकुट) असल्यास तसं लिहावं.

काणकोणची_बाय | २४ जून, दुपारी २:४५

हसून झालं असेल तर एक खरी गोष्ट. आमच्याकडे विहिरीतल्या बेडकांचा आवाज मी दोर सोडून खाली फोन लोंबकळत ठेवून टिपलाय. चिऱ्याच्या भिंतींत घुमून इतका गोड येतो! ओळखीसाठी मात्र असा आवाज नको, घुमण्याने स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचा आलेख) सगळा लेपटतो.

व्हाळाकाठी | १३ जुलै, रात्री १०:३०

मंडळी, थोडं दाखवते. (फाइल जोडली आहे, ४ मिनिटं.)

कुळागराच्या टाकीवर फणसाची एक फांदी आलीय. तिच्या पानांना गेल्या आठवड्यात पांढरा फेस लटकलेला दिसला, मुठीएवढा, बाहेरून सुकून थोडा पिवळट. हिरव्या उडत्या बेडकाचं घरटं. जोडी मागच्या पायांनी घुसळून हा फेस करते आणि अंडी आत ठेवते. काल संध्याकाळी जोराची सर आली आणि फेस खालून सैल व्हायला लागला. आधी एक थेंब, मग त्या थेंबात वळवळणारं एक शेपूट, मग दोन-तीन एकदम. टप्, टप् असे खाली टाकीत. फाइलमध्ये दुसऱ्या मिनिटानंतर नीट ऐका. पावसाचे थेंब पाण्यावर पडताना टोकदार वाजतात, पिल्लाचा थेंब त्याहून जड, बसका. मी वरून टॉर्च धरला होता म्हणून मला कळलं, आणि आता नुसतं ऐकूनही कळतं.

त्याच फाइलमध्ये मागे सुपारीच्या झावळीवर झुडपी बेडूक आहे, टाइपरायटरवर कुणी बसल्यासारखा.

आजोबांच्या एकाही चौकटीत हा फेस नाही. टाकी मागाहून बांधली, फांदी त्यानंतर आली.

रातवा | १३ जुलै, रात्री ११:१५

तीनदा ऐकलं. ताई, हे अप्रतिम आहे. हेडफोन लावून ऐका सगळ्यांनी. झुडपी बेडूक रावर्चेस्टेस बॉम्बेएन्सिस वाटतोय; ही जात १९१९ मध्ये कॅसलरॉकहून वर्णिली गेली, म्हणजे आपल्या दारातलीच. फोटो मिळाला तर खात्री होईल. नुसत्या आवाजावर मी शिक्का मारणार नाही, झुडपी बेडकांत जवळच्या जाती बऱ्याच आहेत.

पंचांगप्रेमी | १४ जुलै, सकाळी ६:१०

पुनर्वसूचा आठवा-नववा दिवस. लिहून ठेवतो.

खाजनवाला | १४ जुलै, सकाळी ९:३०

हे झेनो-कँटोवर टाका. २००५ मध्ये पक्ष्यांच्या आवाजांसाठी सुरू झालेलं संकेतस्थळ, आता बेडूकही घेतात. जगात कुणालाही ऐकता येतं. जागेचं नाव ढोबळ ठेवता येईल.

सड्यावरची_टिटवी | १४ जुलै, सकाळी १०:०५

माझ्याकडूनही एक. सकाळच्या पाच मिनिटांची शिस्त लावली आणि कळलं की सड्यावर ज्या टिटव्यांना मी रोजच्याच समजत होते त्यांची ओरड मेमध्ये, पिल्लं असताना, वेगळी होती. जुन्या फाइली काढून शेजारी शेजारी लावल्या. पिल्लांजवळ कुत्रं आलं की आवाज आखूड आणि भराभर होतो. मर्लिन दोन्हीला टिटवीच म्हणतं.

रातवादादा, आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावतात ते तुम्ही करता का?

रातवा | १४ जुलै, दुपारी १२:२०

विणीच्या काळात अजिबात नाही. शीळ घालणारा कस्तूर सध्या व्हाळावर पहाटेपासून गातोय, तो त्याच्या हद्दीसाठी. स्पीकरवर दुसऱ्या नराचं गाणं वाजवलं की तो घरटं सोडून भांडायला येतो, आपल्याला मुद्रण मिळतं आणि त्याची सकाळ वाया जाते. तो तसाही गातो. बसायचं आणि वाट बघायची.

अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीच करू नका. मोले, खोतीगाव, नेत्रावळी, म्हादई, सगळीकडे आधी विचारा, आणि रात्री आत थांबायचा विचारही नको. घरच्या पडवीला परवानगी लागत नाही हा ताईंच्या कल्पनेचा मोठा गुण आहे.

मांडवीकर | २ ऑगस्ट, रात्री ९:००

आवाज नसलेल्या नोंदींसाठी सीझनवॉच कुणी करतं का? एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याची पानं, फुलं, फळं नाहीत, थोडी की पुष्कळ एवढंच लिहायचं. फणस, आंबा, बहावा, चिंच अशी आपली ओळखीची झाडं आहेत. धनेश उंबरावर कधी येतो ते कळायला आधी उंबर कधी पिकतो ते कळायला हवं.

अळमी | २ ऑगस्ट, रात्री ९:१२

मी फणसाला लागलो. शेजारच्या काकूंना वाटतंय मी फणसावर डोळा ठेवून आहे, आणि ते खरंच आहे.

व्हाळाकाठी | २९ ऑगस्ट, रात्री ८:५०

चवथीची गडबड आज संपली. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची रानफळांची चौकट) बांधताना पंचांगप्रेमी काकांची फार आठवण झाली.

यंदा चवथ २७ ऑगस्टला. बाबांनी रानातून कांगल हे रानफळ आणलं, ते हिरवंच. २०२३ ला, चवथ १९ सप्टेंबरला होती तेव्हा, माटोळीला लावलेलं कांगल पिवळं होऊन फुटलेलं, आतला केशरी गर दिसत होता. फोटो आहे घरी. मग पेटीतले फोटो काढले. आजोबांनी चवथीच्या चौकटीत दरवर्षी माटोळीला काय मिळालं नि काय नाही ते लिहिलंय: 'कांगल कोवळं', 'कवंडळ मिळालं नाही', 'सगळं पिकलेलं'. आजवर मला वाटायचं ही बाजाराची यादी. तारखा लावून पाहिल्या तर 'कोवळं' ऑगस्टातल्या चवथींना आणि 'पिकलेलं' सप्टेंबर अर्ध्यावर गेलेल्या चवथींना. सण दर वर्षी वेगळ्या दिवशी येतो आणि त्या दिवशी रानात काय आहे ते दारात टांगलं जातं.

पंचांगप्रेमी | २९ ऑगस्ट, रात्री ९:३०

वा! तिथीला मी निकामी म्हणालो होतो ते झाडांच्या तुलनेपुरतं खरं. पण आजोबांनी तीच तिथी धरून दरवर्षी रानाचा एक वेगळा दिवस तपासला. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, चवथ १४ सप्टेंबरला. कांगल पिकलेलं असायला हवं. नसलं तर ते जास्त महत्त्वाचं.

दादा_डिचोली | ३० ऑगस्ट, सकाळी ७:१५

गावोगावच्या माटोळ्यांचे जुने फोटो किती घरांत पडले असतील! लग्नाच्या अल्बमांत, मोबाइलमध्ये, तारखेसकट. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धा होतात, त्यात भाग घेणाऱ्यांकडे तर याद्याच असतील. आमच्या वाड्यावरून मी सुरुवात करतो. फोटो, साल, कुठली फळं, हिरवी की पिकलेली, एवढेच रकाने पुरे ना?

मांडवीकर | ३० ऑगस्ट, सकाळी ८:००

गावाचं नाव आणि 'रानातून आणलं की बाजारातून' हेही घाला. म्हापशाच्या बाजारातलं कांगल कुठल्या डोंगरावरचं ते कळत नाही.

काणकोणची_बाय | ३० ऑगस्ट, सकाळी ८:४०

आमच्या बाजूचं मी बघते. गांवडोंगरी, खोतीगावकडच्या आज्यांना विचारलं तर फोटोही लागणार नाहीत. त्या सांगताना मुद्रण करू का? त्यांनी होय म्हटलं तरच.

रातवा | ३० ऑगस्ट, सकाळी ९:०५

जरूर करा. तीच पद्धत: वेव्ह, उणे १२, शेवटी तारीख आणि जागा. पंखा बंद करायला सांगा.

आणि ताई, आता व्हाळावर लक्ष ठेवा. करडा धोबी हिवाळी पाहुण्यांत सगळ्यांत आधी येतो, सप्टेंबरमध्ये दगडांवर शेपूट हलवताना दिसेल. उडताना दोन तीक्ष्ण टोकदार स्वर काढतो, व्हाळाच्या खळखळाटावरूनही ऐकू जातात. त्याच्या मागोमाग वटवटे. आजोबांच्या पानांवर धोबी आहे का?

व्हाळाकाठी | ३० ऑगस्ट, सकाळी ९:४०

आहे. 'शेपटी हलवणारा आला' असं. सप्टेंबरच्या पानांवर, बहुतेक वर्षी. संध्याकाळी सगळ्या तारखा काढून इथे लावते.